मी त्याला ‘मोकळं’ म्हणाले

या गोष्टीचा अर्धा भाग आमच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. सरांनी म्हातारपणी एका आंधळ्या कुत्र्याला शिकवलं, पुढे ते कुत्रं बिथरलं, आणि सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं ते शेवटपर्यंत सांभाळलं. ती मुलगी म्हणजे मी. हा अर्धा भाग कुणी सांगायला लागलं की मी मान हलवते. उरलेला अर्धा आजवर माझ्या तोंडून कुणापुढे निघालेला नाही — भावापुढे नाही, मोडलेल्या लग्नातलं सगळं जिला माहीत आहे त्या मैत्रिणीपुढेही नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीचं माणूस लगेच समजूत घालायला लागतं. अगं, कुत्रं होतं ते! हो, कुत्रं होतं. म्हणून काय?

पण आधी अण्णांबद्दल सांगायला हवं. नाही तर मी उगाचच दुष्ट वाटेन — किंवा, थांबा, तसं नाही. सांगितल्यावरही वाटेनच. तरी सांगते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत शिकवणी घ्यायचे. मुलं त्यांना टरकून असायची आणि पुढे पेढे घेऊन पाया पडायला यायची. उत्तम शिक्षक, असं सगळे म्हणत. मला गणित येत नव्हतं. अपूर्णांक दिसले की मी वहीच मिटून ठेवायची. अण्णांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगते. ते नुसता खडू खाली ठेवायचे आणि शिकवणीच्या मुलांकडे बघून म्हणायचे, “आपण जरा थांबू या. हिची आणि अंकांची अजून ओळख व्हायची आहे.” मुलं हसायची. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात — “सोड. तुझ्याच्यानं व्हायचं नाही.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? ते कानात बसलं. मी कला शाखेला गेले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. लग्न झालं, टिकलं नाही. मी बॅग घेऊन परत आले तेव्हा अण्णांनी दार उघडलं, बॅग आत घेतली आणि काहीच म्हणाले नाहीत. पण मला ते वाक्य ऐकू आलंच. भाऊ परगावी होता; आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. दूध आलं का, पेपर कुठे ठेवलास, गॅसचा नंबर लावलास का — एवढंच बोलणं. भांडण नव्हतं. भांडायला काहीतरी असावं लागतं.

अण्णा रोज सकाळी टेकडीवर फिरायला जायचे. एका सकाळी परतले ते भाजीच्या पिशवीत एक गावठी पिल्लू घेऊन. खडकापाशी जागच्या जागी गोल गोल फिरत होतं म्हणे. डोळे उघडे, पण आत दुधावर साय धरावी तसं काहीतरी. गुरांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, “जन्मापासूनच दिसत नाही, सर. पाळणं अवघड जाईल.”

“अवघड म्हणजे अशक्य नव्हे,” अण्णा म्हणाले.

मी शेजारी उभी होते. हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, एवढंच तेव्हा मनात आलं.

सोसायटीचे सेक्रेटरी नियमांचा कागद घेऊन वर आले. कुत्री पाळण्यास मनाई आहे. अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाले, “रहिवाशांना उपद्रव होईल असं कुत्रं, असं लिहिलंय. उपद्रव झाला की या, चहा घेऊ.” सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत. पिल्लाचं नाव अण्णांनी बिंदू ठेवलं. का, तर बिंदूला लांबी-रुंदी काही नसतं, फक्त स्थान असतं. “याला एवढंच कळलं पाहिजे — आपण कुठे आहोत.”

मग शिकवणं सुरू झालं. अण्णांनी घरातलं सामान एकदा लावलं आणि खुर्च्यांच्या पायांभोवती फरशीवर खडूनं चौकोन आखले. खुर्ची हलली तर पुन्हा चौकोनातच ठेवायची. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं पायपुसणं — पायाला खरखर लागली की पुढे जिना. स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी गोणपाट. स्वतःच्या चपलेला त्यांनी दोन घुंगरं बांधली, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळेल. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, सरांना या वयात नाच शिकायचाय वाटतं. अण्णांना त्याचं काही नव्हतं.

आणि शब्द. ‘पायरी’ म्हणजे पाय वर उचल. ‘उतार’ म्हणजे पाय खाली सोड. ‘थांब’ म्हणजे थांब. आणि ‘मोकळं’ — म्हणजे पुढे काही नाही, बेधडक चल. हे शब्द घरात उगाच उच्चारायचे नाहीत, असा त्यांचा दंडक. मी एकदा फोनवर मैत्रिणीला “थांब गं जरा” म्हणाले, तर बिंदू खोलीच्या मधोमध एक पाय वर धरून उभा राहिला आणि अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी रिसीव्हर ठेवूनच दिला.

जिना शिकायला त्याला फार दिवस लागले. अण्णा गुडघे धरत पायरीवर बसायचे, तळहातानं पुढची पायरी थोपटायचे. पायरी. पायरी. तो पाय उचलायचा, चुकायचा, हनुवटीवर आपटायचा. मी आत कणीक मळत असायची. आता खडू खाली ठेवतील, आता म्हणतील ते वाक्य — माझे हात आपोआप थांबायचे. आणि बाहेरून आवाज यायचा, “काही नाही रे. पुन्हा करू.”

पुन्हा करू! किती वेळा? दहा वेळा चुकला तरी पुन्हा करू. आवाज चढत नव्हता, शब्दाला टोक नव्हतं. आणि मग ज्या दिवशी तो सगळा जिना न अडखळता चढून आला त्या दिवशी — “शाब्बास! शाब्बास माझ्या राजा!”

मी कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. कुत्र्याचा हेवा. हसू येतं ना? मलाही यायचं. चाळिशी उलटलेली बाई, स्वतःचा पगार, स्वतःची स्कूटर, आणि आंधळ्या कुत्र्याचा हेवा करते. मी स्वतःला समजवायची, की अण्णा म्हातारे झाले, निवळले. चांगलंच आहे की. पण मग हा धीर त्यांच्यात होता तर? तेव्हाही होता आणि मला दिला नाही, की नव्हताच आणि आता उगवला? दोन्हींतलं कुठलं उत्तर जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बिंदूचा मला राग नव्हता. हे खरं सांगते आहे. मी पेपर वाचत बसले की तो माझ्या, घुंगराशिवायच्या पावलांचा माग काढत यायचा आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा. राग असता तर पुढचं थोडं तरी समजण्यासारखं झालं असतं.

वर्षभरात बिंदू तयार झाला. अण्णा दोरी अगदी सैल धरायचे, नावाला. गल्लीत लोक थांबून बघायचे. “मोकळं” म्हटलं की तो शेपूट उभी करून असा धावायचा, की नव्या माणसाला शंकाच येऊ नये. मला वाटतं, अण्णा आयुष्यात कशावर एवढे खूश झाले नसतील.

पुण्याबाहेर मांजरी गावात अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. गाडी पाठवून अण्णांना दिवसभरासाठी नेणार होता. आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. उद्या दुपारी बिंदूला खाली तू न्यायचं. दोरी अशी धरायची. शब्द माझ्याकडून म्हणवून घेतले. मी म्हटले — मुकाट्यानं, एकापाठोपाठ एक. अण्णा हसले आणि म्हणाले, “चारच आहेत. एवढे तरी जमतील ना?”

चेष्टेत म्हणाले. मला तेव्हाही कळत होतं की चेष्टा आहे. आवाजात प्रेमसुद्धा असेल. पण समोर त्याच खोलीतली तीच भिंत होती आणि मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला घेऊन निघाले. जिना त्यानं झकास उतरला. फाटकाबाहेर रस्ता खणलेला होता, कसल्याशा केबलसाठी. आमच्याकडे रस्ता नीट झाला की खणतात, त्यात नवल नाही. फाटकासमोरून कमरेइतका खोल चर गेलेला, कडेला मातीचा ढीग, आणि पलीकडे जायला जरा बाजूला एक फळी टाकलेली. अण्णा त्याला त्या फळीवरून न्यायचे. मला ठाऊक होतं.

बिंदू चराच्या काठाशी आपणहून थांबला. पायाखाली भुसभुशीत माती लागली असेल, की खालून गार हवा आली असेल. त्यानं मान तिरकी करून कान माझ्याकडे वळवला. तो शब्दाची वाट बघत होता.

‘थांब’ म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहून दोरी बाजूला ओढली असती तरी चाललं असतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. घाई नव्हती. डोकं दुखत नव्हतं. मी पुष्कळ वेळा शोधलंय — त्या क्षणी काहीतरी झालं असेल, लक्ष उडालं असेल, जीभ घसरली असेल. नाही. जीभ घसरली नाही. माझ्या मनात स्वच्छ आलं, बघू या काय शिकलाय ते.

आणि मी म्हणाले, “मोकळं.”

तो निघाला. शेपूट उभी करून, नेहमीसारखा. दोरी माझ्या हातातून सरकली — मी ती धरून ठेवली नाही, हेही सांगते. तो पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. मग एक किंकाळी आली, आणि मग काहीच नाही, ते जास्त भयंकर होतं. मी चरात उतरले. हनुवटी फाटली होती, पुढचा एक पाय तो खाली टेकवत नव्हता. मी हात लावला तर तो थरथरला आणि मुतला. माझा वास त्याला ओळखीचा होता ना! तरी तो मागे सरत सरत मातीत घुसायला बघत होता.

मी त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं, टाके घालून आणले, हळद घालून दूध पाजलं. सगळं केलं. लोकांनी पाहिलं, किती करतेय बिचारी.

संध्याकाळी अण्णा आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. बिंदूला पाहून ते खालीच बसले. काय झालं, विचारलं. मी म्हणाले, “मी ‘थांब’ म्हणाले. ऐकलंच नाही त्यानं. हिसडा देऊन गेला.”

“‘थांब’च म्हणालीस ना? नक्की?”

“हो.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला. गृहपाठ मी स्वतः केलाय यावर ज्या माणसानं कधी विश्वास ठेवला नाही, त्यानं याच्यावर ठेवला. मी ताटं घ्यायला आत गेले.

पाय बरा झाला. पण ‘मोकळं’ म्हटलं की बिंदू खाली बसायला लागला. पोट फरशीला चिकटवून, कान पाडून. आधी माझ्या आवाजाला, मग अण्णांच्याही. मग ‘पायरी’लाही. मग कुठल्याच शब्दाला तो हलेना. अण्णांना वाटलं, कानात काही झालं. डॉक्टरांनी तपासलं, कान उत्तम होते. डॉक्टर म्हणाले, भीती बसलीय, पण सर, शब्दाचीच का बसावी ते कळत नाही. मी शेजारीच उभी होते.

अण्णांनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या हिशेबानं ‘थांब’ कच्चं राहिलं होतं, म्हणून ते ‘थांब’ घोटून घेत बसले. जो शब्द पक्का होता तोच पुन्हा पुन्हा. कळतंय का तुम्हाला? मी त्यांना चुकीचं गणित दिलं होतं आणि ते प्रामाणिकपणे सोडवत होते. गुडघे धरून पायरीवर बसायचे, थोपटायचे. काही नाही रे. पुन्हा करू. बिंदू जिन्याच्या तोंडाशी पडून राहायचा. असे महिने गेले. मला रोज संध्याकाळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. त्यांना कळलं असतं की खराब झालंय ते ‘मोकळं’, आणि त्यांनी त्याला नवा शब्द दिला असता. त्यांना ते जमलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

एका सकाळी स्वैपाकघरात मला तो आवाज ऐकू आला. जुना. “सोड! तुझ्याच्यानं व्हायचं नाही!” आणि दोरीचा एक फटका. बिंदू ओरडला नाही.

मी ओट्याशी उभी होते आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण झालं तसंच लिहायला हवं. चांगलं गार, शांत, बरं वाटलं. आता कळलं ना तुला — असं मी कुत्र्याला म्हणाले, मनात. किंवा अण्णांना. बाहेर आले तर अण्णा पायरीवर बसून चपलेची घुंगरं सोडत होते. गाठ सुटत नव्हती. मी कात्री आणून दिली.

त्यानंतर शिकवणं बंद झालं. बिंदू गॅलरीत राहू लागला. अण्णांनी शिकवणीची मुलंही हळूहळू कमी केली. कुणी विचारलं तर म्हणायचे, आता पुरे.

आणि मग ती संध्याकाळ. खरं तर चरापेक्षा हेच सांगायला जड जातंय. आम्ही चहा घेत होतो. अण्णा कपाकडे बघत म्हणाले, “एक बोलायचं होतं. मला शिकवता येतं असं मी जन्मभर समजत होतो. या मुक्या जिवानं दाखवून दिलं की येत नव्हतं. जी मुलं आपली आपण शिकणारी होती ती शिकली, त्यात माझं काही नव्हतं. तुला मी फार बोललो. पोरांसमोर बोललो. दोष तुझा नव्हता गं. शिकवणारा कच्चा होता.”

ज्याची वाट मी आयुष्यभर पाहिली, ते माझ्यासमोर चहाच्या कपाशेजारी ठेवलेलं होतं. अण्णांचे डोळे भरलेले मी आई गेली तेव्हाही पाहिले नव्हते. तेव्हा तरी सांगायला नको होतं का? हा माणूस स्वतःचा सगळा जन्म माझ्या एका खोट्या शब्दावर नापास करून बसलाय, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण सांगितलं असतं तर ती माफी त्यांनी परत घेतली असती. निदान मला तसं वाटलं. आणि मला ती हवी होती.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ दे, अण्णा. मी कधीच मनात ठेवलं नाही.”

क्षमा केली मी त्यांना! मोठ्या मनानं. त्यांनी माझा हात दाबला. त्यानंतरचं त्यांचं शेवटचं वर्ष आमच्यात फार गोडीचं गेलं. आम्ही एकत्र टीव्ही बघायचो, ते मला शब्दकोड्यातले शब्द विचारायचे. मी सुखात होते, असंच म्हणायला हवं.

अण्णा हॉस्पिटलमध्ये वारले, शांतपणे. दिवसांना विद्यार्थी आले, खूप आले. प्रत्येक जण सांगत होता, सरांनी आम्हाला घडवलं. मी मान हलवत होते. यातलं एखादं वाक्य त्या वर्षात अण्णांच्या कानावर पडलं असतं तरी त्यांनी ते मानलं नसतं, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

बिंदू त्यानंतर बरीच वर्षं जगला. मी त्याला रोज उचलून खाली न्यायची आणि उचलून वर आणायची. उचलताना तो अंग ताठ करायचा, शेवटपर्यंत. माझ्या हातून खायचा, पण पायावर हनुवटी पुन्हा टेकली नाही. बायका म्हणायच्या, वडिलांची आठवण म्हणून किती माया करते बघा. मी त्यांना ते म्हणू दिलं. तो गेला तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः येऊन सांत्वन केलं. तेही मी करू दिलं.

अण्णा माझ्यासाठी वाईट शिक्षक होते. बिंदूसाठी नव्हते. हे जगात एकट्या मला पक्कं ठाऊक होतं, आणि अण्णा एका खोलीच्या अंतरावर, जागे, ऐकू जाईल असे असताना मी ते त्यांना सांगितलं नाही.